एलियनला मराठी ऐकवलं, टिटवीचं काय?

तुम्ही कधी खोडदला गेला आहात? नसाल, तर २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला नक्की जा. नारायणगावहून आत वळलं की शेतांच्या मधोमध अचानक अवाढव्य अँटेना दिसायला लागतात. हीच ती ‘जीएमआरटी’ रेडिओ दुर्बीण. एकूण ३० अँटेना, प्रत्येकाचा व्यास ४५ मीटर.

आम्ही मास कॉमचे दहा-बारा जण गेल्या वर्षी गेलो होतो. आधी मोबाईल बंद करायला लावले. आकाशातून येणारे रेडिओ सिग्नल इतके क्षीण असतात, की त्यांच्यापुढे आपल्या खिशातला फोनसुद्धा गोंगाट ठरतो. आत गेल्यावर आमचा पहिला प्रश्न काय असेल, ओळखा. “एलियन सापडले का?” माहिती देणारा मुलगा हसला. सकाळपासून हेच ऐकत असणार बिचारा. मग त्याने इथलं खरं काम समजावलं. पल्सार, दूरच्या आकाशगंगांमधला हायड्रोजन वगैरे.

आम्ही सगळे माना वर करून उभे. आणि वीसेक पावलांवर एक टिटवी जीव तोडून ओरडत होती. थोडं पळायची, थांबायची, आमच्याकडे बघून पुन्हा ओरडायची. “काय कटकट आहे यार,” कुणीतरी म्हणालं आणि आम्ही पुढे निघालो.

परतीच्या एसटीत मला ते आठवलं. अंतराळातून कुणी काही बोलतंय का, हे विचारायला आम्ही गेलो होतो. आणि जी समोर उभं राहून आमच्याशीच बोलत होती, तिला कटकट म्हणून आलो! घरी आजीला सांगितलं, तर ती म्हणाली, “टिटवी ओरडणं अशुभ गं.” म्हणजे तिच्या सगळ्या बोलण्याचं भाषांतर आपण एका शब्दात करून टाकलंय. ती नेमकं काय सांगते, हे विचारायच्या भानगडीत कोण पडतंय?

तबकडीवरचे तीन आवाज

१९७७ मध्ये ‘नासा’ने व्हॉयेजर १ आणि २ ही दोन यानं सोडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. कधी काळी कुणा परग्रहवासीयाला सापडलीच, तर त्याला पृथ्वीची ओळख व्हावी म्हणून. तिच्यावर ५५ भाषांमधले निरोप आहेत आणि त्यात आपली मराठीही आहे! शिवाय गोव्यात केरीला जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. कॉलर ताठ झाली ना?

त्याच तबकडीवर हम्पबॅक देवमाशाचं गाणंही आहे. आता गंमत बघा. मराठी निरोपाचा अर्थ आपल्याला कळतो. केसरबाईंचा सूर कळला नाही तरी भिडतो. देवमासा काय म्हणतोय, हे मात्र तबकडी बनवणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. ज्याचा अर्थ आपल्यालाच लागत नाही, तो आवाज आपण परक्याला पाठवून दिला.

याहून टोचणारी गोष्ट म्हणजे, यान उडालं त्या वर्षी समुद्रात देवमाशांची व्यावसायिक शिकार सुरूच होती. तिच्यावरची आंतरराष्ट्रीय बंदी १९८२ मध्ये मंजूर झाली आणि १९८६ मध्ये लागू झाली. म्हणजे एकीकडे ‘हा आमच्या ग्रहाचा आवाज’ म्हणून पाठवायचा आणि दुसरीकडे त्याच्याच भाईबंदांवर भाले सोडायचे.

छत्तीस वेळा हॅलो

परग्रहावरची बुद्धी शोधणाऱ्यांना हे सुचलंच नाही, असं नाही. १९६१ मध्ये अमेरिकेत ग्रीन बँकला या विषयावर पहिली मोठी बैठक झाली. तिला आलेल्या शास्त्रज्ञांमध्ये डॉल्फिनच्या संवादावर काम करणारे जॉन लिलीही होते. बाकीच्यांवर त्यांचा इतका प्रभाव पडला, की या मंडळींनी आपल्या गटाचं नावच डॉल्फिनवरून ठेवलं.

तो धागा अलीकडे पुन्हा उचलला गेलाय. ऑगस्ट २०२१ मध्ये अलास्काच्या समुद्रात संशोधकांनी पाण्याखाली स्पीकर सोडून हम्पबॅकची एक हाक वाजवली. ‘ट्वेन’ नावाची मादी बोटीजवळ आली आणि उत्तर द्यायला लागली. वीसेक मिनिटं हे चाललं. तीही अशी, की संशोधकांनी दोन हाकांमधलं अंतर बदललं, तर तिनेही तसंच बदललं. त्यांनी एकूण ३६ वेळा हाक वाजवली. आधी ट्वेनला रस वाटला, मग ती वैतागल्यासारखी झाली आणि शेवटी निघून गेली. तुम्हाला कुणी फोन करून ३६ वेळा नुसतं ‘हॅलो’ म्हणालं, तर तुम्हीही हेच कराल ना?

या टीममध्ये एलियनचा शोध घेणाऱ्या ‘सेटी इन्स्टिट्यूट’चे लोकही होते. कल्पना अशी, की उद्या परग्रहावरून सिग्नल आला तर तो समजून घ्यायचा सराव हवा. तो कुणाबरोबर करायचा? माणूस नसलेल्या, पण बुद्धी असलेल्या जिवाबरोबर.

आपल्या दारातला समुद्र

सरावाचा हा जोडीदार अलास्कातच आहे असं नाही. अरबी समुद्रातले हम्पबॅक इतर हम्पबॅकसारखे दूरचं स्थलांतर करत नाहीत, ते वर्षभर इथेच राहतात. उरलेत मात्र जेमतेम शंभराच्या आत, असा अंदाज आहे. २०१७ मध्ये ओमानजवळ उपग्रह टॅग लावलेली ‘लुबान’ नावाची मादी थेट गोव्याच्या समुद्रापर्यंत आली होती.

त्यांना धोका आहे जाळ्यांचा, जहाजांच्या धडकेचा आणि गोंगाटाचा. देवमासे बोलतात ते आवाजाने. त्यांची हाक लांबवर जाते, पण मोठ्या जहाजांची घरघर तिला गिळून टाकते. खोडदला आकाश ऐकता यावं म्हणून आम्ही बिनतक्रार मोबाईल बंद केले. तशी शांतता समुद्रात कोण पाळणार?

आशेची जागाही आहे. संरक्षित सागरी प्राणी जाळ्यात अडकला आणि त्याला सोडवण्यासाठी मच्छीमाराने जाळं कापलं, तर २०१८ पासून राज्य सरकार २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. जाळं म्हणजे त्यांची रोजीरोटी. तरीही कोकणातले मच्छीमार ते कापतात. ‘दुसऱ्या जिवाशी संपर्क’ म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

अंतराळाचा शोध बंद करा, असं मी म्हणत नाहीये. उलट मला स्वतःला तो भारी वाटतो. पण व्हॉयेजर १ आज २,४०० कोटी किलोमीटरहून लांब गेलंय आणि दुसऱ्या एखाद्या ताऱ्याच्या आसपास पोहोचायला त्याला सुमारे ४० हजार वर्षं लागतील. तिकडून उत्तर येईल तेव्हा येईल. तोवर इथले बोलणारे शिल्लक राहायला हवेत.

सुरुवात अगदी सोपी आहे. आठवडाभर रोज दहा मिनिटं खिडकीतला एकच पक्षी ऐका. मांजर आली की कावळा कसा ओरडतो, आणि दुसऱ्या कावळ्याला बोलावताना कसा? फरक लिहून ठेवा. मी हे करतेय. चौथ्या दिवशी कान उघडले.

यंदा पुन्हा खोडदला जाणार आहे. अँटेना बघीनच, पण आधी त्या टिटवीला शोधीन आणि ती ओरडली की दोन पावलं मागे सरकेन. बहुधा तेवढंच सांगत होती ती. येताय?