वीज शिरते कुठून, निघते कुठून?

दुखऱ्या गुडघ्यावर उपाय म्हणून कुणी त्याला वीज द्यायला सांगितली तर? चेन्नईच्या अड्यार भागात राहणारी माझी मावशी रोज संध्याकाळी हेच करते. तिच्या फिजिओथेरपिस्टने तिला ‘टेन्स’ नावाचं यंत्र वापरायला शिकवलंय. मुठीत मावेल एवढी डबी, आत नऊ व्होल्टची बॅटरी, दोन वायरी आणि वायरींच्या टोकांना चिकट जेलच्या चौकोनी पट्ट्या. एक पट्टी गुडघ्याच्या अलीकडे, दुसरी पलीकडे. बटण हळूच फिरवलं की मुंग्या यायला लागतात.

पण दुसरी पट्टी लावायचीच राहिली, तर बटण कितीही फिरवा, काही म्हणजे काही जाणवत नाही! वीज नुसती आत शिरून चालत नाही, तिला बाहेर पडायलाही जागा लागते. बॅटरीतून निघायचं, एका पट्टीतून अंगात यायचं, दुसऱ्या पट्टीतून परत बॅटरीकडे जायचं. हा फेरा पूर्ण झाला तरच प्रवाह वाहतो. आणि तो बहुतेक सगळा त्या दोन पट्ट्यांमधल्या आणि त्यांच्या आसपासच्या भागातूनच जातो. मावशीच्या गुडघ्याला लावलेली वीज काही तिच्या डोक्यापर्यंत फिरून येत नाही.

आता अंगात तर तांब्याची तार नाही, मग वीज वाहते कशातून? खारट पाण्यातून! आपल्या रक्तात, स्नायूंत, पेशींच्या आजूबाजूला मीठ विरघळलेलं पाणी आहे. त्यात सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड यांचे विद्युतभारित कण असतात, त्यांना आयन म्हणतात. धन आयन एका पट्टीकडे सरकतात, ऋण आयन दुसरीकडे. असे आयन सरकणं हाच शरीरातला विद्युतप्रवाह.

या खाऱ्या पाण्याला बाहेरून कुलूप घातलंय ते कातडीने. कोरडी कातडी विजेला एक लाख ओहमपर्यंत अडवू शकते, आतलं शरीर मात्र जेमतेम काहीशे ओहम. म्हणून तर पट्टीला ओलसर जेल लागतं. पण कातडी ओली झाली की ती अडवणूक हजार ओहमपर्यंत घसरते. अड्यार तर समुद्राकाठी, मे महिन्यात तिथे पंख्याखाली बसूनही घाम सुटतो. आता घरातल्या सॉकेटचं गणित करून बघा. २३० व्होल्ट भागिले १००० ओहम, म्हणजे २३० मिलिअँपिअर. एवढ्याच्या निम्म्या प्रवाहानेही हृदयाचा ताल बिघडू शकतो. म्हणून ओल्या हाताने प्लगला शिवायचं नाही आणि मोठ्यांच्या टेन्स यंत्राशी खेळायचं नाही. पेसमेकर बसवलेल्या माणसाने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते लावायचंच नाही.

मग मुंग्यांनी दुखणं कमी कसं होतं? टेबलावर कोपर आपटलं की आपण लगेच ते चोळतो ना? १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी त्यामागचं एक कारण मांडलं. स्पर्शाचा निरोप जाड, वेगवान मज्जातंतूंतून धावतो आणि वेदनेचा बराचसा निरोप बारीक, संथ तंतूंतून. दोन्ही पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत येतात. तिथे स्पर्शाचे निरोप सारखे येत राहिले, तर वेदनेचे निरोप पुढे मेंदूकडे कमी जातात. टेन्सचे बारीक ठोके नेमके स्पर्शाच्या तंतूंना जागं करतात. गुडघ्याची झीज त्याने भरून येत नाही. काहींना थोडा वेळ आराम पडतो, काहींना पडत नाही.

याच अड्यारला आणखी एका ‘प्रवाहा’ची गोष्ट आहे, आणि मला ती टेन्सहून मजेदार वाटते. नदीकाठी थिऑसॉफिकल सोसायटी नावाच्या संस्थेचं मोठं आवार आहे, प्रचंड जुन्या वडासाठी प्रसिद्ध. सोसायटीचे अध्यक्ष कर्नल हेन्री ऑलकॉट हे अमेरिकी गृहस्थ १८८२ च्या अखेरीस तिथे राहायला आले. त्या सुमारास ते रोग्यांच्या अंगावरून हात फिरवून उपचार करत. आपल्या हातांतून प्राणशक्तीचा प्रवाह रोग्यात जातो, असा त्यांचा प्रामाणिक विश्वास होता. लोक रांगा लावायचे आणि कित्येकांना खरंच बरं वाटायचं.

पण या प्रवाहाची तपासणी ऑलकॉट यांच्या जन्माआधीच, १७८४ मध्ये, फ्रान्समध्ये झाली होती. राजाने नेमलेल्या समितीत बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिए होते. देस्लाँ नावाचे वैद्य म्हणाले, मी झाडातही ही शक्ती भरू शकतो. त्यांनी फ्रँकलिन यांच्या बागेतलं जर्दाळूचं एक झाड ‘भारलं’. मग बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून बागेत आणलं आणि चार झाडांपाशी नेलं. पहिल्या झाडापाशी त्याला घाम फुटला, दुसऱ्यापाशी डोकं दुखायला लागलं, चौथ्यापाशी तर तो बेशुद्धच पडला. आणि भारलेलं झाड या चारांत नव्हतंच! ते चौथ्या झाडापासून चोवीस फूट लांब होतं.

मुलगा खोटं बोलत नव्हता हं. त्याला खरंच तसं झालं. आता काहीतरी होणार असं मनाने पक्कं धरलं की शरीर त्याला साथ देतं. बरं वाटण्याची आशा धरली तर मेंदू स्वतःची वेदनाशामक द्रव्यंही सोडतो. ऑलकॉट यांच्या पुष्कळशा रोग्यांना आलेला आराम असाच असणार, असं मला वाटतं.

खरं कोणतं हे कळू न देता तपासायची फ्रँकलिन यांची ही युक्ती तुम्हीही वापरू शकता. बाजारात दुखण्यासाठी लोहचुंबकाचे पट्टे मिळतात. घरात तसा एखादा असेल तर त्याच्यासारखाच दिसणारा, त्याच वजनाचा, पण आत साधं लोखंड असलेला पट्टा शिवून घ्या. (लहान भावंडांपासून सुटी चुंबकं लांब ठेवा, ती गिळली तर फार धोका असतो.) एकाच्या आत ‘क’ आणि दुसऱ्याच्या आत ‘ख’ लिहा. कोणता खरा, हे एका माणसाने कागदावर लिहून पाकिटात बंद करावं आणि खोलीबाहेर जावं. पट्टा बांधणाऱ्याला आणि बांधून घेणाऱ्यालाही ते माहीत नको. रोज एक पट्टा, कोणता ते चिठ्ठी काढून ठरवायचं, आणि दुखणं किती कमी झालं ते दहापैकी गुण देऊन वहीत टिपायचं. पाकीट दोन आठवड्यांनी उघडा.