राखीव फौज सारंगांची आणि गँगमनांची

पहिल्या महायुद्धात, २९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियातल्या कूत इथे ब्रिटिश जनरल टाउनशेंडच्या सुमारे तेरा हजार उपाशी सैनिकांनी तुर्कांपुढे शस्त्रे टाकली. १९१७ च्या चौकशी आयोगाने या मोहिमेतल्या वाहतुकीच्या तुटवड्यावर कडक ताशेरे ओढले: तैग्रिस नदीवर पुरेशा बोटी नव्हत्या. वास्तविक मुंबई बंदराला पिढ्यान्‌पिढ्या खलाशी पुरवणारा रत्नागिरी जिल्हा हाताशी होता. दाभोळ-जयगडच्या खाड्यांवर वाढलेले सारंग, तांडेल होते. नव्हती ती शांततेच्या काळात बांधून ठेवलेली त्यांची राखीव फौज. नदीवाहतुकीचे स्वतंत्र लष्करी दल कामाला लागले ते सप्टेंबरमध्ये, कूत पडल्यावर. पुढच्या मार्चमध्ये बगदाद हाती आले, ते रसद वेळेवर पोचू लागल्यामुळेही. त्या युद्धात सागरावर बळी गेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे स्मारक मुंबईत मशीद बंदरला आहे. तिकडे फारसे कोणी फिरकत नाही.

राखीव फौजेची ही उणीव स्वतंत्र भारताने काही अंशी भरून काढली. १९४८ च्या कायद्याने प्रादेशिक सेना ही नागरिकांची राखीव फौज उभी राहिली, ९ ऑक्टोबर १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते तिचा औपचारिक आरंभ झाला. तिच्यात मालवाहू मोटारींच्या कंपन्याही होत्या. १९७२ पर्यंत त्या मोडीत निघाल्या किंवा नियमित सैन्यात गेल्या. रेल्वे रेजिमेंटी मात्र टिकल्या. त्यांतला रेल्वे कर्मचारी ठरावीक दिवस लष्करी शिक्षण घेतो आणि पुन्हा आपल्या ड्युटीवर जातो.

यावर आक्षेप असा, की गणवेशाची गरजच काय? १९६५ च्या भारत-पाक युद्धात राजस्थानातल्या गडरा रोडला साध्या रेल्वे कर्मचाऱ्यांनीच रसद पोचवताना प्राण दिले. खरे आहे; पण त्यांच्या धैर्याच्या भरवशावर व्यवस्था आखणे म्हणजे कूतचीच पुनरावृत्ती. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. १९७४ च्या रेल्वे संपात याच रेजिमेंटी आपल्याच सहकाऱ्यांच्या जागी वापरल्या गेल्या. तो वापर माझ्या मते अनुचित होता, पण त्याचा दोष वापरणाऱ्यांचा. पुढे सहापैकी पाच रेजिमेंटी बंद करून बिहारमधल्या जमालपूरची तेवढी ठेवण्याचे ठरले. वापर कमी म्हणून राखीव दल मोडायचे, हा हिशेब मला पटत नाही. कोकण रेल्वेचे गस्तवाले भर पावसात दरडींवर नजर ठेवून एकेरी मार्ग चालू ठेवतात. अशी माणसे रत्नागिरीत आजही आहेत. नव्याने रेजिमेंट उभारायची झाली, तर भरती इथूनही व्हावी.