उसना ठेका, पण माल स्वतःचा!
इंडोनेशियाच्या ‘दांगदुत’ संगीताचा व्यापार

इंडोनेशिया म्हटले की आपल्या व्यापारी बांधवांना पामतेल, मसाले आणि बाटिकचे कापड आठवते. परंतु 27 कोटींहून अधिक लोकसंख्येच्या या देशात गाण्यावरही असंख्य घरांच्या चुली पेटतात. त्या संगीताचे नाव दांगदुत. गाण्याबजावण्याविषयीच्या मतभेदांत आम्ही शिरत नाही. येथे प्रश्न धंद्याचा आहे.

1950 च्या दशकात मुंबईचे हिंदी चित्रपट इंडोनेशियात जोरात चालत. तेथील मलय वाद्यवृंदांनी त्या चाली उचलल्या, शब्द आपले घातले. तबल्याच्या धर्तीवर ‘गेंदांग’ हे जोडवाद्य रूढ झाले. त्यातून निघणाऱ्या ‘दांग’ आणि ‘दुत’ या नादांवरून पुढे संगीतालाच नाव पडले. शहरातले सुशिक्षित त्याला गावंढळ म्हणून हिणवीत. पण गिऱ्हाईक होते कष्टकरी, आणि त्यांची संख्या मोठी होती.

हे गिऱ्हाईक अचूक ओळखले ते ऱ्होमा इरामा यांनी. 1946 साली पश्चिम जावात जन्मलेल्या या गायकाने आपल्या ‘सोनेता’ वाद्यवृंदात गेंदांगच्या जोडीला रॉक संगीताची इलेक्ट्रिक गिटार आणली. 1973 पासून ‘मुस्लिमांचा आवाज’ हे ब्रीद मिरवीत त्यांनी जुगार आणि दारूविरुद्धही गाणी गायिली. त्याच दशकात स्वस्त कॅसेट आली आणि दांगदुत घरोघर पोहोचले.

मात्र ज्या स्वस्ताईने बाजार वाढविला, तिनेच पुढे कलावंताच्या पोटावर पाय दिला. कॅसेटची जागा व्हीसीडीने घेतली आणि चोरट्या नकला रस्तोरस्ती विकल्या जाऊ लागल्या. पूर्व जावातील पासुरुआनची गायिका इनुल दारातिस्ता अशाच नकलांमधून देशभर गाजली. तोवर तिचा स्वतःचा अल्बमही निघाला नव्हता. नफा नकला विकणाऱ्यांच्या खिशात गेला, पण तिला बोलावणी वाढली. 2003 मध्ये तिच्या नृत्यावर मोठे वादळ उठले. ऱ्होमा इरामा यांनीही कडक टीका केली. पुढे तिच्या नावाने कराओके केंद्रांची साखळी उभी राहिली.

सर्वांनाच अशी संधी मिळत नाही. गावोगावच्या वाद्यवृंदांची मदार आजही लग्नाच्या मांडवावर आहे. ठरलेली बिदागी आणि श्रोते मंचावर येऊन गायिकेच्या हातात देतात त्या नोटा, हीच खरी कमाई. तबकडीची नक्कल होते, मांडवात वाजणाऱ्या गेंदांगची होत नाही. एकेकाळी गावंढळ ठरलेला हा ठेका 2018 मध्ये जाकार्ताच्या आशियाई क्रीडा स्पर्धांपर्यंत पोहोचला; उद्घाटनाला दांगदुत गायिका विया वालेन हिने स्पर्धेचे अधिकृत गीत गायिले.

आमच्या कारागीर बांधवांनी यातून काय घ्यावे? नमुना बाहेरून आला म्हणून कमीपणा नाही. त्यात आपला हात आणि आपल्या गिऱ्हाइकाची आवड मिसळली पाहिजे. आणि चांगल्या मालाची नक्कल होणारच. ती रोखण्याचे प्रयत्न जरूर करावेत, पण जे काम आपण समोर उभे राहिल्याशिवाय होत नाही त्याचा मोबदला आधी पक्का करावा. इंडोनेशियाच्या वादकांचे घर त्यावरच चालले आहे.