दहाच्या भोंग्यानंतरची कॉफी

रात्री दहाला सेकंड शिफ्ट सुटते आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूरचे रस्ते पुन्हा जागे होतात. माणिकगड सिमेंटचा कारखाना गावाला लागूनच; आवारपूर, उपरवाही, नारंडा इथले कारखानेही फार लांब नाहीत. चुनखडीच्या या पट्ट्यात दिवसाचे तीन तुकडे पडतात. सहा ते दोन, दोन ते दहा, दहा ते सहा. टपरीवर राज्य चहाचंच. पण घरी पोचल्यावर, हातपाय धुऊन झाल्यावर, अनेक घरांत दोन रुपयांची कॉफीची पुडी फाडली जाते. चहा कामाचा, कॉफी आरामाची, अशी वाटणी मनात पक्की बसली आहे. "मले तं कॉफी पेल्याशिवाय झोपच येत नाही," असं म्हणणारा एखादा तरी प्रत्येक शिफ्टमध्ये सापडतो.

तो खोटं बोलत नाही. त्याला खरोखरच बरं वाटतं. फक्त त्या बरं वाटण्याचं श्रेय चुकीच्या पदार्थाला जातं.

माणूस जागा असतो तितका वेळ त्याच्या मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं. ते ठरावीक जागी जाऊन चिकटलं की शरीराला निरोप मिळतो : आता पुरे, आडवा हो. कॅफिनचा रेणू दिसायला त्याच्यासारखाच, त्यामुळे तो आधी जाऊन ती जागा अडवून बसतो. थकवा जिथल्या तिथे राहतो, नुसता त्याचा निरोप पोचत नाही. हे कॅफिन कॉफीतून पहिल्यांदा वेगळं काढलं फ्रीडलीब रुंगे या तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, १८१९च्या सुमारास. आणि त्यासाठी कॉफीच्या बिया त्याच्या हातात ठेवल्या होत्या खुद्द महाकवी गटेने.

मग ताण तरी उतरतो का? अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने २००२मध्ये रोज कॉफी पिणाऱ्या ४७ जणांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. सकाळी आणि दुपारी मिळून ५०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं, तेही त्यांच्या नेहमीच्या कामाच्या दिवशी. त्या दिवशी त्यांचं ॲड्रेनालिन जवळपास एक तृतीयांशाने वाढलं, रक्तदाब थोडा चढला आणि हा परिणाम रात्री झोपेपर्यंत टिकला. साहेबाने झापलं, क्रशर बंद पडला, गाडी वेळेवर भरली नाही, अशा वेळी शरीर जी रसायनं सोडतं, त्याच जातीच्या रसायनांत कॉफी भर घालते. सवयीने हा जोर कमी होतो, पण पुरता जात नाही.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "पण माझं डोकं दुखायचं थांबतं ना!" थांबतं, हे खरंच. डोकेदुखीच्या कित्येक गोळ्यांमध्ये कॅफिन मुद्दाम घातलेलं असतं. पण रोज कॉफी किंवा चहा पिणाऱ्याचं डोकं मुळात का दुखतंय, हेही विचारायला हवं. शेवटच्या कपाला १२ ते २४ तास झाले की कॅफिनची तलफ डोकेदुखी, चिडचिड, जडपणा अशा रूपांत वर येते. २०१३ पासून मानसोपचाराच्या अमेरिकन निदानग्रंथात तिची अधिकृत नोंद आहे. पहाटे पाचच्या चहानंतर दिवसभर काहीच न घेतलेल्या माणसाला संध्याकाळी जे चिडकं, जड डोकं लाभतं, त्यातला काही हिस्सा कारखान्याचा आणि काही हिस्सा तलफेचा असतो. कॉफी दुसरा हिस्सा फेडते आणि श्रेय मात्र पहिल्याचंही घेते.

त्याहून मजेशीर प्रयोग सिडनी विद्यापीठातला. दिवसाला तीन किंवा अधिक कप पिणाऱ्या ६१ जणांना २४ तास कॉफीविना ठेवलं. मग काहींना कॅफिन काढून टाकलेली कॉफी दिली आणि ती तशी आहे हे स्पष्ट सांगितलंही. तरी पाऊण तासात त्यांची तलफ बरीच उतरली. वास, गरम कप, ओळखीची कडू चव एवढ्यावरच शरीराचं समाधान झालं. थोडक्यात, गडचांदूरच्या त्या स्वयंपाकघरातला आराम खोटा नाही. तो बसण्यातून, साखर-दुधातून, कपातून येणाऱ्या वाफेतून आणि समोर कुणीतरी "जेवलास का?" विचारतंय यातून येतो. कॅफिन त्या सगळ्यात आयतं मिरवून घेतं.

आता झोपेचा मुद्दा. "मला कॉफीने काही होत नाही, पिऊन लगेच झोपतो." सगळ्यांत घट्ट रुतलेला गैरसमज हाच आहे, कारण ज्याला तो आहे त्याच्याकडे रोजचा पुरावा असतो. शरीरातलं निम्मं कॅफिन निघून जायला साधारण पाच तास लागतात. कुणाला तीन, कुणाला सात. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत हाच काळ पंधरा तासांपर्यंत लांबू शकतो. २०१३च्या एका अभ्यासात १२ निरोगी माणसांना झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं गेलं. यंत्राने मोजलेली त्यांची झोप एका तासाहून अधिक घटली. पण त्यांच्या स्वतःच्या झोपेच्या नोंदवहीत ही घट ठळक उमटलीच नाही. डोळा लागणं आणि झोप पुरी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपल्याला कळते, दुसरी कळत नाही.

४०० मिलिग्रॅम म्हणजे बरंच, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे १५० मिलिलिटर इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असतं, फिल्टरच्या कॉफीत ८० ते १२०, आणि चहात ३० ते ६५. दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम. म्हणजे एका पुडीने कुणाची रात्र उद्ध्वस्त होणार नाही. पण ती पुडी दिवसभराच्या पाच-सहा चहांवर येऊन पडते, हे टपरीचा हिशेब ठेवणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

२०२३मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला. एका मोठ्या, १०७ मिलिग्रॅम कॅफिनच्या कपानंतर झोपेला धक्का बसू नये म्हणून साधारण पावणेनऊ तासांचं अंतर हवं, असं त्यातून निघालं. हे गणित तिन्ही शिफ्टना लावून पाहिलं तर उत्तर गमतीदार येतं. सेकंड शिफ्टवाला रात्री बाराला झोपतो. त्याचा शेवटचा मोठा कप दुपारी सव्वातीनच्या आत. नाईटवाला सकाळी आठला झोपतो. त्याचा कप रात्री अकरा-सव्वाअकराच्या आत. फर्स्टवाला साडेनऊला झोपतो. त्याचा पाऊण वाजता. इन्स्टंटचा लहान कप असेल तर हे अंतर कमी होईल, दिशा तीच राहील. तिघांचीही कॉफी कामाच्या भोंग्यापाशी किंवा कामाच्या वेळेत येते, आणि रिवाज मात्र सुटल्यावर पिण्याचा.

नाईटवाल्याला आणखी एक युक्ती सांगण्यासारखी आहे. कॅफिनचा असर चढायला अर्ध्या तासापर्यंत वेळ लागतो. कॉफी पिऊन लगेच पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटले तर झोप संपता संपता कॅफिन कामाला लागतं. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठाने १९९०च्या दशकात गाडी चालवण्याच्या सिम्युलेटरवर पेंगुळलेल्या चालकांना बसवून हे तपासलं होतं. नुसत्या कॉफीपेक्षा कॉफी आणि डुलकी ही जोडी सरस ठरली. राजुऱ्याच्या रस्त्याला सिमेंटचे ट्रक घेऊन निघणाऱ्यांना हे उपयोगी पडावं.

मराठी घरातल्या कॉफीची खूण म्हणजे जायफळ. "जायफळ घातलं की कॉफी बाधत नाही, उलट झोप लागते," हे आजीपासून ऐकलेलं वाक्य. जायफळाने कॅफिन रद्द होत नाही. दोन्ही आपापल्या वाटेने जातात. चिमूटभर जायफळाचा सुवास सुखावतो, एवढंच खात्रीने म्हणता येईल. पण म्हणून मात्रा वाढवायची नाही. पाचेक ग्रॅम, म्हणजे साधारण एक अख्खं जायफळ पोटात गेलं तर उलट्या, छातीत धडधड आणि भास होण्यापर्यंत मजल जाते. दुधाचंही तसंच. दुधाने कॉफी सौम्य लागते, पण पुडीत होतं तेवढं कॅफिन कपात असतंच. याउलट लग्नातली ती फुसफुसणारी "एस्प्रेसो" निव्वळ रुबाबाची. भरपूर फेस, वर चॉकलेटची पूड आणि खाली बहुतांशी दूध. तिला घाबरायचं कारण नाही.

कडूपणावरून जोर ओळखायची पद्धतही फसवी. कडूपणा बऱ्याचदा चिकोरीचा असतो, आणि चिकोरी म्हणजे भाजलेलं मूळ, त्यात कॅफिन शून्य. कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी असा आपल्याकडचा नियम आहे; प्रमाण पाकिटावर छापलेलं असतं, वाचायला चष्मा लागतो इतकंच. रोबस्टा जातीच्या बीत अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफिन असतं, आणि भारतात रोबस्टाच जास्त पिकते.

चंद्रपूर-गडचिरोलीत कॉफीबरोबर खर्रा येणारच. तंबाखू, सुपारी, चुना घोटलेला खर्रा तोंडात धरून "कॉफीने डोकं शांत होते" म्हणणं म्हणजे दोन उत्तेजकांवर तिसरं चढवणं. निकोटिन आणि सुपारी दोन्ही मज्जासंस्थेला डिवचणारेच. यात एक बारीक फरक आहे. विडी-सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफिनचा निचरा जवळपास दुप्पट वेगाने करतं. खर्ऱ्याला धूर नाही, त्यामुळे ती गोष्ट घडत नाही. धुराच्या या परिणामामुळेच विडी सोडणाऱ्याला नेहमीचीच कॉफी अचानक जास्त चढल्यासारखी वाटू शकते.

काळ्या कॉफीचा "उतारा" हाही इथला जुना विषय. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात २०१५मध्ये आली आणि २०२१मध्ये उठली. या सगळ्या काळात उताऱ्यावरचा विश्वास मात्र अबाधित राहिला. कॉफीने रक्तातली दारू थेंबभरही कमी होत नाही. पेंगणारा दारुडा जागा दारुडा होतो आणि आपण शुद्धीत आहोत अशा समजुतीत गाडीला किक मारतो.

"उन्हाळ्यात कॉफीने पाणी सुटतं" या भीतीत तितकासा दम नाही. पारा ४७च्या पुढे जाणाऱ्या चंद्रपुरात ती भीती समजण्यासारखी आहे, पण बर्मिंगहॅम विद्यापीठाने २०१४मध्ये रोज कॉफी पिणाऱ्या ५० पुरुषांना तपासलं, तेव्हा कॉफी आणि पाण्यात शरीरातल्या पाण्याच्या दृष्टीने फरक सापडला नाही.

लोहाचा मुद्दा मात्र गंभीर आहे आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं. जेवणाबरोबर कॉफी घेतली तर अन्नातल्या लोहाचं शोषण ३९ टक्क्यांनी घटल्याचं १९८३च्या एका प्रयोगात दिसलं. चहाने तर ६४ टक्क्यांनी. जेवल्यावर तासाभराने घेतलेली कॉफीही तितकीच नडली. जेवणाआधी तासभर घेतलेली नडली नाही. ज्या घरात बाई शेवटी जेवते आणि भांडी आवरून मग निवांत कप घेते, तिथे हा आकडा तिच्याच वाट्याला येतो.

एवढं वाचून कॉफी खलनायक ठरवायची गरज नाही. २०११मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ५० हजारांहून अधिक अमेरिकन परिचारिकांच्या अनेक वर्षांच्या नोंदी पाहिल्या. दिवसाला दोन-तीन कप पिणाऱ्यांत नैराश्याचं प्रमाण १५ टक्क्यांनी कमी निघालं. कॉफीमुळेच कमी, असं या पद्धतीच्या अभ्यासातून सिद्ध होत नाही. पण रोजचे दोन कप अपराधही ठरत नाहीत.

ज्यांना रात्री साडेदहाला तो कडू, भाजका घोट हवाच आहे, त्यांच्यासाठी उत्तर घराच्या कुंपणाशी उगवतं. पावसाळ्यात ज्याची भाजी होते त्या तरोट्याच्या बिया भाजून दळल्या की कॉफीच्या जवळची चव येते, कॅफिनशिवाय. सावधगिरी एकच आणि ती महत्त्वाची : दिसायला जवळचा असलेला कासविंदा तरोट्यात मिसळता कामा नये. त्याच्या शेंगा-बिया खाल्ल्याने पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं दगावली आहेत. ओळखणाऱ्या हाताने वेचलेल्याच बिया घ्याव्यात. तरोट्याच्याच कुळातल्या भाजक्या बियांचा चहा कोरिया आणि जपानमध्ये दुकानात पाकिटबंद मिळतो. गडचांदूरच्या किराणा दुकानात मात्र कॉफीच्या पुड्यांची माळ लटकलेली दिसते, आणि तरोट्याचं बी जंगलातून गोळा होऊन पोत्यांत भरून बाहेरगावी जातं.