प्रतिपिंडांचे वर्ग : रचना आणि कार्य

मातेचा रक्तगट ‘बी’ आणि गर्भाचा ‘ए’ असेल, तर गर्भाच्या तांबड्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे मातेच्या रक्तात गर्भधारणेपूर्वीपासूनच असतात; तरीही गर्भाला सहसा अपाय होत नाही. याउलट ऱ्हीसस-ऋण मातेच्या रक्तात ऱ्हीसस घटकाविरुद्ध प्रतिपिंडे एकदा निर्माण झाली, की पुढील ऱ्हीसस-धन गर्भाच्या तांबड्या पेशींचा नाश होऊन तीव्र पांडुरोग, कावीळ व प्रसंगी मृत्यू ओढवतो. दोन्ही ठिकाणी प्रतिपिंडांचे लक्ष्य तांबडी पेशीच असताना परिणामांत एवढा भेद का पडावा? ‘ए’ प्रतिजन गर्भावस्थेत पुरता विकसित झालेला नसतो, हे त्याचे एक कारण होय. परंतु मुख्य कारण प्रतिपिंडांच्या वर्गभेदात आहे.

प्रतिपिंडे ही रक्तरसातील गॅमा ग्लोब्युलिन या प्रथिनांत असतात, हे टिसेलियस व कॅबट यांनी १९३९ मध्ये दाखविले. पुढे १९५९ पासून पोर्टर व एडेलमन यांनी स्वतंत्रपणे केलेल्या कार्यातून त्यांची रचना उलगडत गेली, व त्याबद्दल उभयतांना १९७२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रतिपिंडाच्या मूळ घटकात दोन जड व दोन हलक्या शृंखला असून त्याचा आकार इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा असतो. दोन फांद्यांची टोके प्रतिजनाशी बद्ध होतात. उरलेला दांडा केवळ जड शृंखलांचा बनलेला असतो. मानवात या शृंखलांचे गॅमा, म्यू, आल्फा, डेल्टा व एप्सिलॉन असे पाच प्रकार आढळतात आणि त्यांवरून अनुक्रमे जी, एम, ए, डी व ई हे वर्ग मानले जातात. कोणता प्रतिजन ओळखावयाचा हे टोकांवरून ठरते. ओळख पटल्यावर पुढे काय घडावयाचे हे दांड्यावरून ठरते. वर्गीकरणाचे सारे मर्म या श्रमविभागात आहे.

नव्या प्रतिजनाशी गाठ पडली असता प्रथम ‘एम’ वर्गाची प्रतिपिंडे रक्तात उतरतात. पाच मूळ घटक एकत्र जोडले जाऊन बनलेल्या या रेणूचा भार सुमारे नऊ लक्ष असून त्याला दहा बंधनस्थाने असतात. त्यामुळे पेशींचे समूहन करण्यात व पूरक प्रथिनांची मालिका चालू करण्यात हा वर्ग विशेष समर्थ ठरतो. तथापि तो बहुतांशी रक्तवाहिन्यांतच राहतो आणि वार ओलांडून गर्भाकडे जात नाही. म्हणूनच नवजात अर्भकाच्या रक्तात विशिष्ट रोगजंतूविरुद्ध ‘एम’ प्रतिपिंडे सापडल्यास ती त्याने स्वतः निर्माण केलेली असतात व गर्भाशयातच संसर्ग झाल्याची शंका घ्यावी लागते.

रक्तरसातील प्रतिपिंडांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश ‘जी’ वर्गाची असतात. त्यांचा रेणुभार सुमारे दीड लक्ष असून अर्धायुष्य साधारणपणे तीन आठवड्यांचे असते. वारेतील विशिष्ट ग्राही त्यांच्या दांड्याला धरून त्यांना गर्भाच्या रक्तात पोचवितात. पूर्ण दिवसांच्या अर्भकात त्यांचे प्रमाण मातेइतके, किंबहुना थोडे अधिकच असते. या ठेवीवर अर्भकाचे पहिले काही महिने निभावतात. परंतु हीच प्रतिपिंडे लसीतील जिवंत विषाणूंनाही निष्प्रभ करू शकतात. भारतात गोवराच्या लसीची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर देण्यामागे हे एक कारण आहे.

‘ए’ वर्गाचे कार्यक्षेत्र श्लेष्मल पृष्ठभाग हे होय. लाळ, अश्रू, आतड्यातील स्राव व प्रसूतीनंतरचा चीक यांत तो जोडरेणूच्या रूपाने असतो आणि जंतूंना पृष्ठभागाला चिकटू देत नाही. ‘ई’ वर्ग इशिझाका दांपत्याने १९६६ मध्ये उजेडात आणला. रक्तात तो अत्यल्प असला तरी मास्ट पेशींना घट्ट चिकटून राहतो. प्रतिजन येताच त्या पेशींतून हिस्टामीन बाहेर पडते. कृमींविरुद्ध उपयोगी पडणारी ही यंत्रणाच दमा व अ‍ॅलर्जी यांना कारण होते. ‘डी’ वर्ग मुख्यतः बी-पेशींच्या पृष्ठभागावर ग्राही म्हणून आढळतो.

हे वर्ग परस्परांपासून सर्वस्वी अलग नव्हेत. टी-पेशींचे साहाय्य मिळाले, की ‘एम’ प्रतिपिंडे बनविणारी बी-पेशी जड शृंखलेच्या स्थिर भागाचे जनुक बदलून ‘जी’, ‘ए’ अथवा ‘ई’ वर्गाकडे वळते. मात्र ओळखावयाचा प्रतिजन तोच राहतो. हे परिवर्तन जन्मतःच अशक्य असलेल्या बालकांत ‘एम’ प्रतिपिंडे पुरेशी, बहुधा अधिकही असतात; तरीही ती वारंवार गंभीर संसर्गांना बळी पडतात.

आरंभीच्या प्रश्नाचा उलगडा आता होतो. ‘बी’ गटाच्या मातेतील ‘ए’-विरोधी प्रतिपिंडे प्राधान्याने ‘एम’ वर्गाची असल्याने वारेपाशीच अडतात. ऱ्हीससविरोधी प्रतिपिंडे ‘जी’ वर्गाची असल्याने पलीकडे पोचतात. माता बहुधा पहिल्या प्रसूतीच्या वेळी संवेदित होते, म्हणून धोका मुख्यतः पुढील अपत्यांना असतो. लवणद्रवात ही लहान प्रतिपिंडे पेशींचे समूहन घडवीत नसल्याने ती दीर्घकाळ नजरेतून निसटत असत. १९४५ मध्ये कूम्ब्स, मूरंट व रेस यांनी प्रतिपिंडांविरुद्धच प्रतिपिंडे वापरून ती ओळखण्याची कसोटी सिद्ध केली. प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत मातेला ऱ्हीससविरोधी प्रतिपिंडे टोचून तिचे संवेदन टाळण्याचा उपाय १९६८ पासून प्रचारात आला. ही टोचलेली प्रतिपिंडेही ‘जी’ वर्गाचीच असतात. ज्या वर्गामुळे अर्भकाच्या जिवाला धोका, त्याच वर्गाच्या योगाने त्याचे रक्षण साधले आहे.