जुन्या पिकअपचे सुटे भाग : किलोने विकण्यापूर्वी

गॅरेजमालकाचा इंतकाल होतो. माळ्यावर तीस-चाळीस वर्षांचा माल पडून असतो. वारसांना घाई असते आणि भंगारवाला किलोचा भाव सांगून मोकळा होतो. ज्या मालात यतीम मुलांचाही हिस्सा आहे, तो न निवडता काट्यावर चढविणे आम्हाला योग्य वाटत नाही. निवड कशी करावी, हे महिंद्रच्या जुन्या जीप व पिकअपच्या उदाहरणाने पाहू.

महिंद्रने १९४७ साली विलीज जीपची जुळणी सुरू केली. १९६५ साली एफ.सी. १५० ही पिकअप आली. या गाड्या आता रस्त्यावर क्वचितच दिसतात, परंतु त्या पुन्हा उभ्या करणारे शौकीन आहेत. कुर्ल्याच्या व चोर बाजारच्या दुकानांत ते याच भागांचा शोध घेतात.

सुरुवातीला काहीही धुऊ नये, घासू नये. खोके, चिठ्ठी, ओतीव आकडे हीच मालाची ओळख. एकत्र बांधलेले भाग वेगळे करू नयेत. मग लोहचुंबक फिरवावे. लोखंड व बीड चिकटते; पितळी बुश, अॅल्युमिनियमचे भाग चिकटत नाहीत. त्यांचा ढीग वेगळा ठेवावा.

इंजिनात फसगत होते. विलीजच्या दोन्ही चार सिलिंडर पेट्रोल इंजिनांचा बोअर ३ १/८ इंच, स्ट्रोक ४ ३/८ इंच आणि क्षमता २१९९ सी.सी. आहे. मात्र जुन्यात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात, तर नंतरच्यात इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये. म्हणून एकाचे हेड दुसऱ्यावर बसत नाही. मेन बेअरिंगच्या कॅप ब्लॉकसोबतच बोअर केलेल्या असतात. त्या त्याच ब्लॉकबरोबर राहू द्याव्यात.

क्राउन आणि पिनियन ही जोडी आहे. सुटी झाली की किंमत गेली. दोहोंचे दात मोजावेत. ४३ व ८ असतील तर रेशो सुमारे ५.३८, ३९ व ८ असतील तर सुमारे ४.८८. चारचाकी ओढीच्या गाडीत पुढचा व मागचा रेशो सारखाच लागतो. जीपच्या डाव्या चाकांच्या बोल्टांना अनेकदा उलटे आटे असतात. ते खराब समजून फेकू नयेत.

शेवटी तीन ढीग करावेत : चालणारा, दुरुस्तीचा आणि भंगार. ब्रेकचे जुने रबरी पाइप, वायसर आणि तडा गेलेले स्टिअरिंगचे भाग भंगारातच टाकावेत, तेही तोडून, म्हणजे ते पुन्हा बाजारात येणार नाहीत. त्यात कुणाचा तरी जीव गुंतलेला असतो. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा दाखविणाऱ्या आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असे बजावणाऱ्या पैगंबरांचे (स.) आपण अनुयायी आहोत. तेव्हा वेल्डिंग केलेला भाग तसा सांगूनच विकावा. यादी करून दोन जाणकारांकडून किंमत ठरवावी, मय्यताचे कर्ज फेडावे, वसियत असल्यास पुरी करावी आणि मगच वाटणी करावी. चार दिवस जास्त लागतील, पण यतीमाचा हक्क भंगाराच्या भावात जाणार नाही.