एर्झा, स्तेपान दिमित्रियेव्हिच

(८ नोव्हेंबर १८७६ – नोव्हेंबर १९५९). मॉर्डव्हिन वंशाचा ख्यातनाम रशियन शिल्पकार. मूळ आडनाव न्येफ्योदव. ‘एर्झा’ हे त्याने स्वतः धारण केलेले नाव असून ते मुळात त्याच्या जमातीचे नाव होय. त्याचा जन्म व्होल्गा खोऱ्यातील तत्कालीन सिंबिर्स्क प्रांतात, बायेव्हो या खेड्यात (सध्या मॉर्डव्हिया प्रजासत्ताकात) एका शेतकरी कुटुंबात झाला.

मॉर्डव्हिन लोकांच्या एर्झा व मोक्षा या दोन प्रमुख शाखा. त्यांच्या भाषा फिनो-उग्रिक कुलातील असल्या, तरी एका शाखेच्या लोकांना दुसरीची भाषा सहज समजत नाही. ‘मॉर्डव्हिन’ ही संज्ञा इतरांनी दिलेली असून हे लोक स्वतःला एर्झा वा मोक्षा म्हणवितात. त्यांचा प्रदेश सोळाव्या शतकापर्यंत मॉस्कोच्या सत्तेखाली आला. अठराव्या शतकात त्यांचे मोठ्या प्रमाणावर धर्मांतर झाले व रशियन-ख्रिस्ती नावे रूढ झाली. न्येफ्योदव हे आडनावही ख्रिस्ती संताच्या नावावरून आलेले असून त्यावरून मूळ वंशाचा बोध होत नाही. म्हणूनच एर्झाच्या नामांतरास विशेष अर्थ आहे.

प्रारंभी त्याने आलातिर व कझान येथील मूर्तिचित्रांच्या कार्यशाळांत काम केले. १९०२ मध्ये तो मॉस्को येथे कलाशिक्षणासाठी गेला. १९०६ मध्ये तो इटलीस गेला व नंतर फ्रान्समध्ये राहिला. १९०९ च्या व्हेनिस येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनामुळे त्याचे नाव यूरोपात झाले. १९१४ मध्ये तो स्वदेशी परतला. क्रांतीनंतर त्याने उरल व कॉकेशस भागांत काम केले.

१९२७ मध्ये तो अर्जेंटिनात गेला आणि तेथे सु. तेवीस वर्षे राहिला. तेथील केब्राचो या अतिशय कठीण लाकडात त्याची प्रतिभा पूर्णत्वास पोहोचली. या वृक्षाच्या स्पॅनिश नावाचा अर्थच ‘कुऱ्हाड मोडणारा’ असा आहे. ओंडक्याच्या गाठी व खडबडीत पृष्ठभाग न तासता त्यांतूनच तो केस, दाढी व वस्त्रे सूचित करी आणि चेहरा तेवढा गुळगुळीत करी. मोझेस (१९३२) हे या पद्धतीचे उत्कृष्ट उदाहरण होय. याच परदेशी लाकडात त्याने आपल्या मातेची प्रतिमा कोरली. एर्झा आणि मोक्षा स्त्रियांचे चेहरेही त्याच्या शिल्पांत येतात.

१९५० मध्ये अनेक शिल्पे बरोबर घेऊन तो सोव्हिएट संघात परतला. मॉस्को येथे त्याचे निधन झाले व सारान्स्क या मॉर्डव्हियाच्या राजधानीत त्याचे दफन करण्यात आले. तेथील कलासंग्रहालयास त्याचे नाव दिलेले असून त्याच्या शिल्पांचा सर्वांत मोठा संग्रह तेथे आहे.

१९८९ च्या सोव्हिएट जनगणनेत मॉर्डव्हिन म्हणून नोंदविलेल्यांची संख्या सु. ११·५ लक्ष होती. २०२१ च्या रशियन जनगणनेत ती सु. ४·८४ लक्ष भरली. मूळ वंशाची नोंद अशी क्षीण होत असताना, एका लहान जमातीचे स्वतःचे नाव एर्झाच्या शिल्पांबरोबर जगाच्या कलेतिहासात टिकून राहिले आहे.